कर्सर हलतो, पण हात कोणाचा? दूरस्थ संगणक-नियंत्रणाची ऐंशी वर्षे

१/
२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रँकिव्स्क भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीचा नियंत्रण कक्ष. दुपारची वेळ, पाळी संपत आलेली. एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आले, की समोरच्या संगणकावरचा कर्सर आपोआप सरकतो आहे. माउसला कोणाचाही हात लागलेला नव्हता. कर्सर एका उपकेंद्राच्या सर्किट ब्रेकरपाशी गेला आणि तो उघडण्याची आज्ञा दिली. ‘खात्री आहे का?’ असे विचारणारी चौकट उमटली. कर्सरने तिलाही होकार दिला आणि त्या उपकेंद्रावरच्या वस्तीत अंधार झाला.

२/
कर्मचाऱ्याने माउस धरून कर्सर मागे खेचण्याचा प्रयत्न केला. यंत्राने दाद दिली नाही. पाठोपाठ तो स्वतःच्याच संगणकातून बाहेर फेकला गेला. परत आत शिरू पाहतो, तर पासवर्ड बदललेला. त्या दिवशी तीन वीजकंपन्यांवर असा हल्ला झाला. सुमारे ३० उपकेंद्रे बंद पडली आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. अखेर माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर पोहोचली आणि त्यांनी हातांनी ब्रेकर जोडले, तेव्हा काही तासांनी दिवे लागले.

३/
या प्रसंगात वापरली गेलेली युक्ती मुळात शस्त्र नव्हती. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणे आणि आपल्या हाताची हालचाल तिकडे पोहोचवणे, हे काम जगभरच्या कार्यालयांत रोज होत असते. नादुरुस्त संगणक दुरुस्त करणारे, सर्व्हर सांभाळणारे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची अडचण सोडवणारे सारे यावरच विसंबून असतात. या तंत्राचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पडदा दूरवर नेण्याचा प्रश्न अभियंत्यांनी फार लवकर सोडवला. पलीकडचा हात कोणाचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला.

४/
आरंभ होतो ११ सप्टेंबर १९४० रोजी. अमेरिकेतील हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा भरली होती. बेल लॅबोरेटरीजचे जॉर्ज स्टिबिट्झ यांना आपले नवे गणनयंत्र दाखवायचे होते. टेलिफोनच्या रिलेंपासून बनवलेले हे यंत्र संमिश्र संख्यांची आकडेमोड करी. ते उचलून सभेत नेणे शक्य नव्हते. म्हणून स्टिबिट्झ यांनी ते न्यूयॉर्कमध्येच ठेवले, सभागृहात एक टेलिटाइप मांडला आणि दोहोंना तारेने जोडले. गणित हॅनोव्हरमध्ये टंकलिखित होई. उत्तर न्यूयॉर्कहून सुमारे मिनिटभरात परत येई.

५/
उपस्थितांना यंत्र वापरून पाहण्याची मुभा होती. त्यांत सायबरनेटिक्सचे जनक म्हणून पुढे गाजलेले नॉर्बर्ट वीनर होते आणि काही वर्षांनी एनिॲक हा संगणक घडवणारे जॉन मॉकली होते. दूर बसून संगणनयंत्र चालवण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग. टेलिटाइपवर कोण बसले आहे, हे विचारण्याची त्या दिवशी गरज नव्हती. सभागृहात सारे एकमेकांच्या ओळखीचे होते आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला एकच यंत्र होते. ओळख पटवण्याचा प्रश्न पुढच्या वीस वर्षांत उभा राहिला.

६/
१९६१ साली एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच महागडा संगणक, त्याला जोडलेली अनेक टंकयंत्रे आणि प्रत्येकासमोर बसलेला वेगळा माणूस. यंत्र आपला वेळ या सर्वांमध्ये इतक्या झपाट्याने वाटून देई, की प्रत्येकाला संगणक आपल्या एकट्याचाच वाटावा. पण आता एकाची फाइल दुसऱ्याने पाहू नये, ही गरज निर्माण झाली. त्यावरचा उपाय म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. संगणकावरचा पासवर्ड रुळला तो येथून.

७/
पासवर्डच्या मर्यादाही तेथेच उघड झाल्या. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने संगणकावरचा आपल्या वाट्याचा वेळ वाढवण्यासाठी पासवर्डची सगळी यादीच छापून घेतली. १९६६ मध्ये तर एका घोटाळ्यामुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि रोजच्या स्वागत-संदेशाच्या जागी प्रत्येक वापरकर्त्याला सर्वांचे पासवर्ड वाचायला मिळाले. यंत्राला माणूस ओळखता येत नाही, त्याने सांगितलेला शब्द तेवढा ओळखता येतो. हे अंतर तेव्हा दिसले, ते पुढेही मिटले नाही.

८/
इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेशही दूरच्या संगणकात शिरण्याचाच एक प्रयत्न होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसमधील विद्यापीठातून चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टंकायला घेतला. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने दुरुस्तीनंतर काम साधले. म्हणजे दूरचा संगणक आपल्या टेबलावर आणणे, हे या जाळ्याचे अगदी पहिल्या दिवसाचे काम होते.

९/
या कामासाठी टेलनेट ही पद्धत रूढ झाली. तिच्यात टंकलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धा, उघडेच प्रवास करी. पोस्टकार्डावर तिजोरीचा क्रमांक लिहून पाठवावा, तसा हा प्रकार. जाळ्यावर मोजक्या विद्यापीठांची माणसे होती, तोवर ते खपून गेले. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी पासवर्ड टिपून घेत असल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी सारी वाहतूक सांकेतिक करणारे एसएसएच लिहिले. आजही जगातले बहुसंख्य सर्व्हर त्याच पद्धतीने सांभाळले जातात.

१०/
मात्र या सगळ्याला समांतर अशी एक निराळी कल्पना आधीच जन्माला आली होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले. माउसचे पहिले जाहीर दर्शन म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यांचा संगणक मेन्लो पार्क येथे, सुमारे ५० किलोमीटर दूर होता. चित्र सूक्ष्मलहरींच्या दुव्याने सभागृहात येत होते आणि माउस व कळफलकाच्या हालचाली मोडेमने तिकडे जात होत्या.

११/
प्रात्यक्षिकाच्या उत्तरार्धात मेन्लो पार्कमधील सहकारी बिल पॅक्स्टन यांचा चेहरा पडद्याच्या एका कोपऱ्यात उमटला. दोघांसमोर एकच मजकूर होता आणि त्यावर दोघांचेही कर्सर फिरत होते. दोघे बोलत होते, दाखवत होते. स्टिबिट्झ यांच्या प्रयोगात एक माणूस दूरचे यंत्र वापरत होता. येथे दोन माणसे दोन ठिकाणी बसून एकाच पडद्याकडे पाहत होती. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन गोष्टींचे स्वभाव भिन्न आहेत आणि पुढचा सारा इतिहास त्यांच्या दोन धारांचा आहे.

१२/
पहिल्या धारेत माणूस आणि यंत्र असे दोघेच असतात. पलीकडे कोणी बसलेले नसते, म्हणून ओळख यंत्राला पटवून द्यावी लागते. दुसऱ्या धारेत पलीकडे एक माणूस बसलेला असतो. त्याच्याच पडद्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत काम चालते आणि आत येऊ द्यायचे की नाही, हे तो ठरवतो. पहिल्या धारेचा आधार पासवर्ड, दुसरीचा आधार विश्वास. पहिल्या धारेतून सर्व्हरचे व्यवस्थापन वाढले आणि दुसरीतून मदतकेंद्राचा व्यवसाय.

१३/
मदतीची गरज तीव्र झाली ती १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आल्यानंतर. तोवर संगणक एका खोलीत असे आणि त्याचे जाणकारही त्याच खोलीत असत. आता संगणक टेबलाटेबलांवर पसरले, जाणकार मात्र तेवढेच राहिले. फोनवरून मदत मागणारा म्हणे, “पडद्यावर काहीतरी आले आहे.” काय आले आहे, हे त्याला नीट सांगता येत नसे आणि ऐकणाऱ्याला दिसत नसे. मग गाडी काढून जावे लागे आणि तेथे गेल्यावर एखादी कळ दाबून काम होई.

१४/
या अडचणीतून ऐंशीच्या दशकात कार्बन कॉपी, पीसीएनीव्हेअर यांसारखी सॉफ्टवेअर आली. मॅकिन्टॉशवर आलेल्या अशाच एका सॉफ्टवेअरचे नाव होते टिंबक्टू. आफ्रिकेतील ते शहर पाश्चात्त्य बोलीत ‘फार फार दूरचे ठिकाण’ या अर्थी वापरले जाते. डॉसच्या काळात काम तुलनेने सोपे होते. पडदा अक्षरांचा, २५ ओळी आणि ८० रकाने, म्हणजे २,००० अक्षरे. सेकंदाला २,४०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवरून सबंध पडदा आठेक सेकंदांत पोहोचे.

१५/
चित्रमय पडदे आले आणि हिशेब फिसकटला. ६४० गुणिले ४८० बिंदूंचा, २५६ रंगांचा साधा पडदा घेतला, तरी तो ३ लाख ७ हजार बाइटांचा होतो. नव्वदच्या दशकातील २८.८ किलोबिटच्या मोडेमवर तो जसाच्या तसा पाठवायला जवळजवळ दीड मिनिट लागते. माउस हलवावा आणि दीड मिनिटाने कर्सर हललेला दिसावा, असा कारभार कोण करील? त्यामुळे अभियंत्यांपुढे एक मूलभूत निवड उभी राहिली. चित्र पाठवायचे, की चित्र कसे काढावे याच्या सूचना पाठवायच्या?

१६/
एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने दुसरा मार्ग धरला. ‘येथे रेघ ओढ, येथे हे अक्षर लिही’ अशा सूचना जाळ्यावरून जात आणि समोरचे यंत्र त्यांवरून चित्र उभे करी. सूचना आटोपशीर असत, पण चित्र काढणारे यंत्र हुशार असावे लागे. शिवाय काम मध्येच तुटले, तर पडद्याची सारी अवस्थाही त्याच यंत्रासोबत जाई. पडदा एका ठिकाणी सोडून दुसरीकडे उचलावा, ही सोय त्यात सहजासहजी नव्हती.

१७/
पहिल्या मार्गाचे सोने केले ते इंग्लंडमधील केंब्रिजच्या ऑलिवेटी प्रयोगशाळेने. अँडी हॉपर यांच्या नेतृत्वाखालील या प्रयोगशाळेत संगणकाने माणसाच्या मागे जावे, या कल्पनेवर अनेक प्रयोग चालले होते. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांनी १९९८च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या लेखातून व्हीएनसी जगापुढे आले. यांतील स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखणाऱ्या प्रसिद्ध प्रयोगातही भाग घेतला होता. भांडे भरले आहे की रिकामे, हे जाग्यावरून कळावे, एवढाच त्याचा हेतू.

१८/
व्हीएनसीचा गाभा एका वाक्यात मावतो: पडद्याच्या अमुक जागी बिंदूंचा हा चौकोन ठेव. बस्स. पाहणाऱ्या बाजूने ‘काय बदलले?’ असे विचारायचे आणि दुसऱ्या बाजूने फक्त बदललेले चौकोन पाठवायचे. खिडकी नुसती सरकली असेल, तर ‘तेथला चौकोन उचलून येथे ठेव’ एवढीच सूचना पुरे. जाळे मंद असेल, तर पाहणारा कमी वेळा विचारतो आणि काम अडत नाही. पलीकडे कोणती प्रणाली आहे, हे समजण्याचीही गरज नाही. बिंदू सगळीकडे सारखेच.

१९/
पाहणाऱ्या बाजूकडे काहीच साठवलेले नसल्यामुळे एक सुखद परिणाम झाला. केंब्रिजमध्ये अर्धवट लिहिलेले वाक्य सोडून उठावे, दुसऱ्या शहरातल्या संगणकावर बसावे आणि कर्सर त्याच अक्षरापाशी थांबलेला सापडावा. पाहण्याचे सॉफ्टवेअर इतके छोटे होते, की फ्लॉपीवरूनच चालवता येई. प्रयोगशाळेने ते मुक्त परवान्यावर विनामूल्य दिले आणि ते जगभर पसरले. पुढे एटी अँड टीकडे गेलेली ही प्रयोगशाळा २००२ मध्ये बंद झाली, पण तिच्या माणसांनी त्याच वर्षी रिअलव्हीएनसी ही कंपनी काढून काम चालू ठेवले.

२०/
इकडे पहिल्या धारेत व्यापाराचा खेळ रंगला. आयबीएममध्ये ओएस/२वर काम केलेल्या एड आयाकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स कंपनी स्थापन केली. मायक्रोसॉफ्टची विंडोज ही एका माणसासाठी घडवलेली प्रणाली. तिच्यावर एकाच वेळी अनेकांना दुरून बसवायचे, हे सिट्रिक्सचे ध्येय. १९९५ मध्ये विंडोज एनटीवर आधारलेले विनफ्रेम आले. स्वस्त, जुने संगणक केवळ पडदा म्हणून वापरून सारे काम मधल्या एका सर्व्हरवर चालवता येऊ लागले. एक सर्व्हर दुरुस्त केला, की सगळ्यांचे काम सुरळीत.

२१/
फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने हेच काम स्वतः करण्याचा मनोदय सांगितला आणि सिट्रिक्सचा शेअर कोसळला. ज्याच्या अंगणात दुकान थाटले, तोच दुकान काढायला निघाला होता. काही महिन्यांच्या वाटाघाटींनंतर मे महिन्यात तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सकडून तंत्र परवान्यावर घेतले आणि १९९८ मध्ये विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती बाजारात आणली. तिच्यासोबत आली आरडीपी ही पद्धत. आजही विंडोजचा ‘रिमोट डेस्कटॉप’ त्याच पद्धतीवर, ३३८९ या क्रमांकाच्या दारातून चालतो.

२२/
त्याच १९९८च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या हॅकर-संमेलनात ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या गटाने बॅक ऑरिफिस नावाचे सॉफ्टवेअर जाहीर केले. विंडोजवरच्या संगणकात ते गुपचूप बसे आणि दूरच्या माणसाला फाइली, कळफलक, पडदा सारे हाताळू देई. ते लिहिणारे त्याला दूरस्थ व्यवस्थापनाचे साधनच म्हणत आणि विंडोजची असुरक्षितता दाखवणे हा आपला हेतू असल्याचे सांगत. शब्दशः पाहता ते खोटे नव्हते. व्हीएनसी आणि बॅक ऑरिफिस यांची कामे बरीचशी सारखी होती. फरक इतकाच, की एकाला मालकाने आत घेतलेले असे.

२३/
२००१ मध्ये विंडोज एक्सपी आले, तेव्हा दोन्ही धारांना दोन स्वतंत्र दारे मिळाली. ‘रिमोट डेस्कटॉप’ उघडला, की मूळ संगणकाचा पडदा कुलूपबंद होई. जवळ बसलेल्याला आत काय चालले आहे, ते दिसत नसे. ‘रिमोट असिस्टन्स’मध्ये मात्र आधी निमंत्रण द्यावे लागे, मग परवानगी द्यावी लागे आणि दोघांनाही एकच पडदा दिसे. नको वाटल्यास एस्केपची कळ दाबली, की पाहुण्याचा हात सुटे. दुसऱ्या धारेचे सारे नीतिशास्त्र त्या एका कळीत सामावले होते.

२४/
एक व्यावहारिक अडथळा उरला होता. घराघरांतील संगणक राउटरच्या आड गेले होते आणि बाहेरून त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येत नव्हते. अमेरिकेतील गोटूमायपीसी, बुडापेस्टमध्ये सुरू झालेले लॉगमीइन, जर्मनीतील गॉपिंगेनचे टीमव्ह्यूअर (२००५) यांनी तोडगा काढला. दोन्ही संगणकांनी स्वतःहून मधल्या एका सर्व्हरला हाक मारायची आणि त्याने दोघांची गाठ घालून द्यायची. वापरणाऱ्याला सांगायचा तो फक्त एक क्रमांक. २०१४ मध्ये श्टुटगार्टला स्थापन झालेल्या एनीडेस्कनेही तोच रस्ता धरला.

२५/
या क्रमांकाने मदतकार्याची रीतच बदलली. हिशेबनीस, दुकानदार, शाळेचे लिपिक, दवाखान्याचे स्वागतकक्ष यांच्यासाठी तंत्रज्ञ आता फोनइतका जवळ आला. महाराष्ट्रातील छोट्या कार्यालयांत तर “एनीडेस्कचा नंबर सांगा” हे वाक्य “जरा रिमोट घेतो” इतकेच अंगवळणी पडले. प्रिंटर चालत नाही, टॅलीचा डेटा उघडत नाही, रिटर्न भरायचा शेवटचा दिवस आणि डिजिटल सही सापडत नाही. तालुक्याच्या गावातला प्रश्न पुण्याच्या टेबलावरून सुटू लागला. ही सोय खरी आहे आणि तिचे मोल तिच्यावाचून दिवस काढलेल्यालाच कळते.

२६/
पण दोन्ही धारांना त्यांच्या त्यांच्या जागी भगदाडे पडली. पहिल्या धारेत ३३८९चे दार इंटरनेटवर उघडे टाकून, सोप्या पासवर्डवर विसंबलेले असंख्य सर्व्हर होते. सॅमसॅम या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या टोळीने असे पासवर्ड यंत्राने ओळखून काढत अनेक संस्थांत शिरकाव केला. मार्च २०१८ मध्ये अटलांटा शहराचा कारभार विस्कळीत झाला, तो याच सॉफ्टवेअरमुळे. मे २०१९ मध्ये ब्लूकीप हा दोष सापडला, तेव्हा पासवर्डचीही गरज उरली नव्हती. मायक्रोसॉफ्टने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती प्रसिद्ध केली.

२७/
दुसऱ्या धारेत दार फोडावे लागले नाही. ते गोड बोलून उघडून घेण्यात आले. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे फोन अमेरिका-ब्रिटनमधील घरांत येऊ लागले. बोलणारा विंडोजच्या नोंदवहीतील नेहमीच्या, निरुपद्रवी सूचना उघडून दाखवी, घाबरवी आणि मग पडद्याचा ताबा मागे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली. त्यांतील बहुतेकींचे धागे भारतात होते. ज्या देशाने दूरस्थ सेवेवर नाव कमावले, त्याच देशातून तिची नक्कल करून लूट चालावी, हे वेदनादायक होते.

२८/
ही फसवणूक मग भारतीयांच्याच फोनवर उतरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईस्थित रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल सावध केले. ग्राहकाला ॲप घ्यायला लावायचे, पडद्यावर उमटलेला नऊ अंकी क्रमांक विचारायचा, परवानग्या देववायच्या आणि खात्यातली रक्कम काढून घ्यायची, अशी ती पद्धत होती. मार्च २०२२ मध्ये बँकेने काढलेल्या फसवणूकविषयक पुस्तिकेतही या प्रकाराला जागा मिळाली. ॲप खरे, क्रमांक खरा, परवानगीही ग्राहकाने स्वतः दिलेली. खोटा होता तो फक्त पलीकडचा माणूस. यंत्राच्या दृष्टीने येथे काहीच चुकलेले नव्हते.

२९/
तरीही या तंत्रावाचून चालणार नाही, हे मार्च २०२०ने दाखवून दिले. टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना काही दिवसांत कर्मचारी घरी पाठवावे लागले आणि घरून काम करण्यावरील अटी दूरसंचार विभागाने शिथिल केल्या. हिंजवडीतल्या ओस इमारतींमधील यंत्रे चालूच राहिली; त्यांचे पडदे तेवढे कोथरूडच्या, साताऱ्याच्या, लातूरच्या घरांत उघडले. कार्यालयात प्रवेश देणारा पहारेकरी माणसाचा चेहरा पाहत असे. ते काम आता पासवर्ड आणि फोनवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकावर आले होते.

३०/
शेवटचा प्रसंग ५ फेब्रुवारी २०२१चा, फ्लोरिडातील ओल्ड्समार गावच्या जलशुद्धीकरण केंद्रातला. सकाळी तेथील कर्मचाऱ्याला कर्सर हलताना दिसला. वरिष्ठ नेहमी दुरून पाहत असल्यामुळे त्याला त्यात वावगे वाटले नाही. दुपारी कर्सर पुन्हा हलला आणि पाण्यातील सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून ११,१०० झाले. कर्मचाऱ्याने ते तत्काळ पूर्ववत केले. आरंभी हा हल्ला मानला गेला. २०२३ मध्ये तेव्हाच्या शहर-व्यवस्थापकांनी ती कर्मचाऱ्याचीच चूक असल्याचे सांगितले.

३१/
त्या केंद्रातील सगळ्या संगणकांवर दुरून शिरण्याचा पासवर्ड एकच होता. त्यामुळे कर्सरमागचा हात परक्याचा होता, वरिष्ठाचा होता, की तेथेच बसलेल्याचा, हे पडद्याकडे पाहून कोणालाच सांगता आले नसते. युक्रेनमध्येही हल्लेखोर कर्मचाऱ्यांच्याच खऱ्या पासवर्डांनी आत आले होते आणि दुसऱ्या पुराव्याची अट दारावर नव्हती. प्रत्येकाला स्वतंत्र ओळख, पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा, कोण केव्हा आले याची नोंद: हे उपाय साधे, कंटाळवाणे आणि फार जुने आहेत.

३२/
आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी उपाय त्याहून साधा आहे. मदत आपण मागितली होती का, की ती आपणहून चालून आली? पहिल्या परिस्थितीत क्रमांक सांगायला हरकत नाही. डोळे मात्र पडद्यावर असावेत आणि काम संपल्यावर जोडणी तोडावी. दुसऱ्या परिस्थितीत फोन ठेवावा. पॅक्स्टन यांचा कर्सर १९६८च्या त्या सभागृहात फिरला, तेव्हा एंगेलबार्ट त्यांच्याशी बोलत होते, त्यांचा चेहरा पाहत होते. आजच्या पडद्यावर बहुधा कर्सरच तेवढा दिसतो. चेहऱ्याची चौकशी आपल्याला करावी लागते.